मागची सव्वीस पावलं

नारू हा खरं तर उन्हाळ्याचा रोग. बारवेचं पाणी प्यावं, वर्षभर विसरून जावं आणि एखाद्या वैशाखात पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो, अशी त्याची रीत. पण रोगाला पंचांग कोण दाखवणार? संतपूरच्या नागप्पाला तो भर मार्गशीर्षात निघाला. उजव्या घोट्यावर फोड आला, फुटला आणि गडी अंगणातल्या बाजेवर आडवा झाला. त्याची बायको लिंगम्मा रोज सकाळी फोडावर कोमट पाणी सोडायची आणि किड्याचं टोक तुरीच्या काडीला गुंडाळून हळूहळू वळायची. दिवसाला बोटभर. घाई केली आणि किडा आतच तुटला तर पाय भोपळ्याएवढा सुजतो, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे काडी वळताना ती श्वाससुद्धा धरून ठेवायची.

नागप्पा ओरडायचा, पण पायासाठी नव्हे. गव्हासाठी.

गहू पोटरीत आला होता. अशा वेळी पाणी चुकलं तर ओंबी पोकळ निघते, मग काढा आणि बैलाला घाला. आणि मोट तर चार दिवस बंद. सालगडी दसऱ्यालाच सडकेच्या कामावर निघून गेला होता. शेजारचा हावगेप्पा "माझं भिजलं की येतोच बग" म्हणून गेला तो गेलाच. त्याचं रान काही भिजून संपेना. गोठ्यात चांद्या आणि बारक्या ही बैलजोडी बसून कडबा खात होती आणि बसून खाणाऱ्याची चरबी काय असते ते शिंगं घासून दाखवत होती.

घरात बसून खाणारा आणखी एक होता. निदान तो स्वतःला तसं म्हणायचा. नागप्पाचा धाकटा भाऊ तिप्पण्णा.

तिप्पण्णा मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला होता. तिथं जमिनीत पुरलेलं काहीतरी फुटलं आणि दोन्ही डोळे गेले. दवाखान्यातून सरकारनं त्याला उत्तरेकडच्या आंधळ्या शिपायांच्या शाळेत ठेवलं. तिथं तो नवार विणायला शिकला, काठीनं चालायला शिकला, आरशाशिवाय दाढी करायला शिकला, पेल्याच्या कडेला बोट लावून चहा न सांडता ओतायला शिकला. एवढं सगळं शिकून तो घरी आला आणि वैनीच्या तावडीत सापडला. तावडीत हा शब्द लिंगम्माला आवडला नसता, पण दुसरा सुचत नाही.

सासू मेली तेव्हा तिप्पण्णा तीन वर्षांचा होता. पंधरा वर्षांची लिंगम्मा त्याला कडेवर घेऊनच संसार शिकली. पुढं तिला एक लेक झाली, ती हळ्ळीखेडला दिली. पण पहिलं लेकरू तिप्पण्णाच. ते लेकरू डोळे घालवून दारात उभं राहिलं तेव्हा तिनं जे त्याला धरलं, ते पाच वर्षं सोडलं नाही. त्याची भाकरी ती कुस्करून, दुधात कालवून पुढं ठेवायची. रुमाल ती बांधायची. सकाळी त्याला हाताला धरून बांधाच्या पलीकडे न्यायची आणि त्याचं होईपर्यंत पाठ करून उभी राहायची. तीस वर्षांचा बाप्या माणूस, लढाई बघून आलेला. रोज सकाळी त्या बांधाआड तिप्पण्णाचा जीव लाजेनं अर्धा व्हायचा. पण पाठ केलेल्या लिंगम्माला ते कधी दिसलं नाही. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तो पूजेला बसला की तेवढा वेळ मात्र ती त्याच्यापासून लांब राहायची. टक लावायला नजर नव्हती, तो बोटांनीच लिंग बघायचा. दिवसभरात त्याचं एकट्याचं म्हणावं असं तेवढंच.

मोट बंद पडल्याच्या पाचव्या दिवशी दारात एक तट्टू येऊन थांबलं. वरून एक मिशाळ माणूस उतरला. उतरताना त्याचा एक पाय दगडावर टक्‌ असा वाजला.

"रामराम. तिप्पण्णा शिपाई हितंच ऱ्हातो का?"

आवाज ऐकला आणि ओट्यावर बसलेला तिप्पण्णा ताडकन उभा राहिला. कितीतरी दिवसांनी कोणी त्याला शिपाई म्हटलं होतं.

पाहुणा राघोबा हवालदार. त्याचा डावा पाय लढाईतच राहिला होता, आता तिथं लाकूड होतं. बीदरला फौजी लोकांच्या बोर्डात तो कामाला होता. जखमी होऊन आलेल्या शिपायांची गावं पालथी घालायची आणि कोण कसा जगतोय ते बघायचं, हे त्याचं काम. बाजेवरच्या नागप्पाकडे बघून तो म्हणाला, "ह्यांना काय झालं?"

"नारू," लिंगम्मा म्हणाली.

राघोबानं लाकडी पायावर काठी वाजवली. "ह्याला निघत न्हाई बगा. सरकारी पायाचा येवढा एक फायदा हाय."

पाच दिवसांत नागप्पा पहिल्यांदा हसला.

चहा झाला. तिप्पण्णानं पेला घ्यायला हात पुढं केला, त्याआधीच लिंगम्मानं तो त्याच्या ओठाला लावला होता. राघोबानं ते बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"काय काम करतोस, गड्या?"

"त्याला कशाचं काम?" लिंगम्मा म्हणाली. "पेन्शन येतंय, दोन येळा जेवायला हाय, आम्ही हाव की."

"अक्का, राग मानू नका. मी त्याला इचारायलो."

तिप्पण्णानं ओठ पुसले. मग म्हणाला, "बसतो, हवालदार. सकाळी उन्हात बसतो, दुपारी सावलीत बसतो."

त्यात तक्रार नव्हती. तरी लिंगम्माच्या काळजात ते काट्यासारखं गेलं.

राघोबानं आडपडदा ठेवला नाही. हैद्राबादला आंधळ्या शिपायांसाठी कारखाना निघाला होता. वेताच्या खुर्च्या, बाजेची नवार. राहायला खोली, स्वयंपाक आपला आपण. "येळ अमावस्येला मी परत ह्या अंगाला हाय. त्या दिशी इचारतो. यायचं असंल तर संगं चल."

"येतो," तिप्पण्णा म्हणाला. लगेच म्हणाला. विचार करायचा तो त्यानं पाच वर्षं केला असावा.

हवालदाराचं तट्टू वेशीपलीकडं गेलं तरी लिंगम्मा चुलीपुढं तशीच बसून होती. तव्यावरची भाकरी करपली. येळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षाची अमावस्या, पंधरा दिवसांवर होती.

"कामून जायलास रं?" दिवेलागणीला तिनं शेवटी विचारलं. "काय कमी केलं म्या?"

"कायबी कमी केलं न्हाईस वैनी. त्याचंच तर भ्या वाटायलंय." तो चुलीजवळ सरकला आणि दोन्ही तळहात तिच्यापुढं धरले. "हात बग माझे."

तिनं बघितले. गोरेपान, मऊ, बाळंतिणीसारखे. कुणब्याच्या घरात असे हात कोणाचे नव्हते. लेकीचेसुद्धा नव्हते.

"मला म्होट दे," तो म्हणाला. "अण्णा पडून हाय, गहू वाळायलाय. म्होट मिळाली तर म्या कशाला जातो हैद्राबादला?"

"म्होट? अरं, हीर हाय ती! कठडा कुठं ऱ्हायलाय तिला!"

"मला ठाऊक न्हाई व्हय? पवायला तिथंच शिकलो."

"न्हाई म्हणजे न्हाई. बसवण्णाची आण हाय तुला."

सकाळी लिंगम्मा उठली तर माळ्यावरची त्याची पत्र्याची ट्रंक खाली काढलेली होती आणि तो एकेक कपडा चाचपून, घडी घालून तिच्यात ठेवत होता. घड्या इतक्या नीट की धोब्यानं लाजावं. ती दाराला टेकून बघत राहिली. तिसऱ्या सदऱ्याला तिला राहवलं नाही.

"बरं बाबा. धर म्होट. पर म्या तिथं हुबी ऱ्हाणार."

नागप्पा बाजेवरून म्हणाला, "बैल मागं न्यायचे तर कन्नड बोलावं लागतंय बग. हळ्ळीखेडच्या बाजारातली जोडी हाय. मराठीत सांगितलं की पुढंच पळतंय." त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की लिंगम्मानं वळून बघितलं. नवऱ्याचे डोळे भरले होते. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

मोटेचं काम बघितलं नाही त्याला सांगावं लागतं. विहिरीपासून खाली उतरत जाणारी वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली जातात, मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा, ओढला जातो, चामड्याची मोट भरून वर येते आणि तिच्या सोंडेतून पाणी विहिरीकाठच्या दगडी कुंडात, थारोळ्यात कोसळतं. मग बैलांना त्याच धावेवरून उलटं, मागच्या मागं, विहिरीपर्यंत आणायचं. मोट पुन्हा बुडते. जाताना गडी नाड्यावर बसून जातो. येताना मात्र बैलांकडं तोंड करून, कासरा धरून एकेक पाऊल मागं यायचं. नागप्पाच्या विहिरीला थारोळ्याच्या डाव्या अंगाचा चिरा दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळला होता. तिथं धाव थेट विहिरीच्या तोंडाला भिडलेली. खाली सात पुरुष पाणी.

तिप्पण्णानं आधी बैल जुंपलेच नाहीत. तो धावेवर गुडघ्यांवर बसला आणि वरपासून खालपर्यंत माती चाचपत गेला. बैलांच्या खुरांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या, मधला उंचवटा, कुठं दगड, कुठं ओल. सदरा मातीनं माखला. बांधावरून हावगेप्पा बघत होता. त्याला आपल्या रानातून वेळ मिळत नव्हता, पण बघायला मिळाला.

"काय शोधायलास रं तिप्पण्णा? सुई पडली का?"

"धाव मोजायलो."

"आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात."

"गाई राखू दे त्याला. म्होट म्या हाकतो."

मग त्यानं लिंगम्माकडून बाभळीचा एक ओंडका आणवला आणि विहिरीच्या तोंडापासून तीन हात अलीकडे, धावेला आडवा, अर्धा जमिनीत पुरला. टाच त्याला लागली की थांबायचं. खालच्या टोकापासून टाच ओंडक्याला लागेपर्यंत तो दहा वेळा उलटा चालला. दहाही वेळा सव्वीस पावलं भरली.

"शाळेत शिकवलं व्हय हे?" लिंगम्मानं विचारलं.

"तिथं हीर नव्हती वैनी. जिना होता."

दुसऱ्या दिवशी बैल जुंपले. पहिली मोट भरून वर आली आणि थारोळ्यात पाणी कोसळलं तेव्हा तिप्पण्णाचा चेहरा असा फुलला की लिंगम्माला लढाईवर जाण्याआधीचा पोरगा दिसला. त्यानं कासरा ओढला. "हिंद सरी, हिंद! हिंद सरी!" बैलांनी कन्नड ऐकलं आणि मुकाट्यानं मागं यायला लागले. तिप्पण्णा पाऊल पाऊल मागं येत होता. ओठ हलत होते.

लिंगम्मा थारोळ्यापाशी उभी होती. तिला त्याची पाठ दिसत होती आणि पाठीमागं विहिरीचं काळं तोंड. पाठ जवळ येत होती. आणखी जवळ. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. आणखी एक पाऊल. आणखी एक. आणि बोळा सुटला.

"तिप्पू! मागं हीर!"

किंकाळीच ती. चांद्या उसळला, बारक्याही त्याच्याबरोबर उसळला आणि जोडी धावेवरून खाली सुटली. कासरा तिप्पण्णाच्या मनगटाला गुंडाळलेला. तो तोंडावर पडला आणि अर्धी धाव फरपटत गेला. विहिरीत मोट दणकन कडेच्या चिऱ्यांवर आदळली, सोंड टराटर फाटल्याचा आवाज वरपर्यंत आला.

लिंगम्मा धावली. त्याचे गुडघे सोलले होते, हनुवटी फुटली होती, मऊ तळहातांची सालपटं निघाली होती. हावगेप्पा बांधावरून पळत आला, त्यानं बैल धरले आणि जाताना जिभेला आवर न घालता म्हणाला, "म्या म्हणलं नव्हतं?" तो खरं तर काही म्हणाला नव्हता.

घरी तिनं हळद भरताना हंबरडा फोडला. "म्या सांगितलं व्हतं! पडला असतास! गेला असतास!"

"वैनी, चोवीस झाली व्हती," तिप्पण्णा म्हणाला. तो चिडला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "अजून दोन पावलं व्हती ओंडक्याला. जाऊ दे. मोचीकडं पाठव म्होट, सोंड शिवून घे. अण्णा उठला की कामाला येईल. म्या हवालदारासंगं जातो."

ट्रंक अजून खालीच होती.

दुपारी लिंगम्मा बैलांना पाणी पाजायच्या निमित्तानं एकटीच मळ्यात गेली. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं की लेकरू किती थोडक्यात वाचलं. धावेवरची माती ओलसर होती, पावलं स्पष्ट उठली होती. शेवटचं पाऊल तिला सापडलं, पुढं फरपटल्याची खूण होती म्हणून ते ओळखू आलं. तिथून ओंडका चांगला दोन पावलं लांब. ओंडक्यापासून विहीर आणखी तीन हात.

ती तिथंच बसली. तिला वाटलं होतं की तो काठावर होता. तो काठावर नव्हता. काठावर फक्त तिची नजर होती.

मग तिनं इकडंतिकडं बघितलं. कोणी नव्हतं. तिनं लुगड्याचा ओचा खोचला, धावेच्या खालच्या टोकाला गेली, विहिरीकडे पाठ केली आणि उलटी चालायला लागली. डोळे टक्क उघडे. समोर ज्वारीचं रान, बाभळीवरचे पोपट, हावगेप्पाचा कोठा, सगळं दिसत होतं. विहीर तेवढी दिसत नव्हती. दहाव्या पावलाला ती टाचेनं आधी जमीन चाचपायला लागली. पंधराव्याला तिनं मान वळवली, आणि मान वळवताच पाय चाकोरीतून घसरून ती मटकन बसली.

घरी येऊन ती नवऱ्याच्या बाजेपाशी बसली. काडी हातात घेतली, वळली नाही.

"अवो, म्होट मागं आणताना तुमी हिरीकडं बगता व्हय?"

नागप्पाला प्रश्नच कळला नाही. वीस वर्षं मोट हाकलेल्या माणसाला असं कोणी विचारलं नव्हतं. "न्हाई गं. मान वळवली की कासरा वाकडा हुतो, बैल बिचकतात. म्होरं बगायचं."

"मग हीर आलेली कसं कळतं?"

"पायाला कळतंय की." असं म्हणून तो थबकला. बायकोकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "आयला. मागं येताना आमी समदेच आंधळे."

लिंगम्मानं खाली मान घालून काडी वळायला घेतली. त्या दिवशी किडा दोन बोटं निघाला.

मोचीनं सोंड शिवायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या सकाळी लिंगम्मानं मोट अंगणात आणून टाकली. तिप्पण्णा ओट्यावर दाढी करत होता.

"शिवली म्होट. गव्हानं माना टाकल्यात."

वस्तरा थांबला.

"आज धर," ती म्हणाली. "म्या हुबी ऱ्हाणार न्हाई. म्या खाली वाफ्यात दारं धरते, पाणी फिरवायला कुणीतरी लागंलच की."

तो गालावरचा साबण वाळेपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "पान्यात हुबी ऱ्हाशील, पायाला तेल लाव." एवढंच.

"आनी मळ्यात एकला जाईन," तो उठता उठता म्हणाला.

ही अट नवी होती. लिंगम्मानं ती गिळली. तो काठी घेऊन निघाला: वेशीची शिळा, मग निवडुंगाचं कुंपण, मग ओढ्याचा उतार, मग चढण. ती वीस पावलं मागं, अनवाणी, हातातल्या बांगड्या दंडापर्यंत वर सारून. पान हलणार नाही अशी चालत होती. ओढ्यापाशी तो थांबला.

"वैनी, बांगड्या कामून वर सारल्यास? हात कचायला असतील."

ती जागच्या जागी उभी राहिली. "तुला कसं कळलं रं?"

"धापा ऐकू यायल्यात आनी बांगड्या वाजंनात. असली बाई गावात दुसरी कोण हाय?"

ती हसली आणि हसता हसता रडली. त्यानं तिला हवं तेवढं रडू दिलं. मग म्हणाला, "चल आता म्होरं. तुजं वाफ्यातलं काम तू बग." ती त्याला ओलांडून पुढं गेली आणि मळा येईपर्यंत मागं वळली नाही. दोनदा मान वळायला आली होती. दोन्ही वेळा तिनं दात खाऊन ती सरळ ठेवली.

पहिला दिवस कठीण गेला. वाफ्यात उभ्या लिंगम्माला धाव दिसत नव्हती, मधे ज्वारी होती. तिला फक्त ऐकू यायचं. चाकाची करकर, मग थारोळ्यात पाण्याचा धबका, मग "हिंद सरी, हिंद", मग शांतता. ती शांतता संपेपर्यंत ती खोरं तसंच धरून उभी राहायची. पुन्हा चाक करकरलं की श्वास सोडायची. पाणी पाटानं वाफ्याशी यायचं, फुटून भलतीकडं जायचं आणि तिप्पण्णा वरून ओरडायचा, "वैनी, पानी कुठं चाललंय? आवाज ऱ्हायला की पाटाचा! झोपलीस का?" आंधळ्यानं डोळसाला पाणी वाया घालवल्याबद्दल बोलावं, याची तिला आधी लाज वाटली, मग गंमत वाटली, आणि दुपारपर्यंत रागसुद्धा आला. राग आला हे बरं झालं. पाच वर्षांत ती त्याच्यावर एकदाही रागावली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो नाड्यावर बसून धावेवरून खाली जायला लागला. पाचव्या दिवशी मोटेवर गाणं म्हणायला लागला. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि चाल कुठल्याशा पलटणीची. त्याच्या तळहातांवर आधी फोड आले, मग फुटले, मग घट्टे धरले. आठवडा सरला तेव्हा गहू मान वर करून उभा होता. हावगेप्पा बांधावर येऊन जरा वेळ उभा राहिला आणि "जोडी चांगली हाय" म्हणून गेला. माणसाची स्तुती करणं जड जातं तिथं बैल कामाला येतात.

येळ अमावस्येला गाव ओस पडतं. झाडून सगळे आपापल्या रानात. नागप्पाच्या मळ्यात कडब्याची कोप उभी केली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले, ते पाच पांडव. लिंगम्मा पहाटेपासून राबत होती: शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची कढई, आंबिलाचं गाडगं, तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्यांची चळत. नागप्पाचा किडा तीन दिवसांपूर्वी सगळा निघाला होता. तो लंगडत, काठी टेकत आला आणि कोपीत बसला. त्यांच्या घरची रीत अशी की पांडवांच्या नावानं पाच मोटा ओढायच्या आणि मग पूजा.

पहिली मोट वर येत होती तेव्हाच बांधावर टक्‌ टक्‌ वाजलं. राघोबा हवालदार आला होता. त्यानं धावेकडं बघितलं आणि तो आहे तिथंच थांबला.

"अक्का," तो दबक्या आवाजात म्हणाला, "म्होटंवर कोण हाय?"

"आमचा तिप्पण्णा."

"अवो, हीर हाय तिथं!"

"हाय की. न्हाई तर पानी कुठून येतंय?" लिंगम्मा म्हणाली. "या, बसा. पाय धुवा. एकच धुवायचा, पानी वाचलं."

नागप्पा ठसका लागेपर्यंत हसला. राघोबा बसला, पण त्याची नजर धावेवरून हटेना. तिप्पण्णा मागं यायला लागला की त्याचा हात आपोआप गवत मुठीत धरायचा. लिंगम्मानं ते बघितलं. तिला तो हात ओळखीचा वाटला.

"वरडू नका बरं का," ती हळूच म्हणाली. "म्या एकदा वरडले व्हते." आणि विहिरीकडे पाठ करून ती ताटं मांडायला बसली. दुसरी मोट पडली. तिसरी. चौथी. तिनं एकदाही मागं बघितलं नाही. भज्जी वाढली, आंबिल ओतलं. पाचव्या मोटेचं पाणी थारोळ्यात कोसळलं तेव्हा चार ताटं तयार होती.

पूजा झाली. नागप्पानं लंगडत लंगडत "ओलगेऽ ओलगे" अशी सणाची आरोळी देत रानाच्या कडेनं आंबिल शिंपडलं. बैलांना सोडून तिप्पण्णा कोपीकडं निघाला. काठी धावेवरच राहिली होती. लिंगम्माचा पाय उठायला हलला, पण तिनं तो तिथंच दाबून धरला आणि पळीनं कढईच्या काठावर एकदा वाजवलं. तो त्या आवाजाकडं सरळ चालत आला, वाकून आत शिरला आणि रिकाम्या ताटापुढं बसला.

"काय मग शिपाई?" राघोबानं विचारलं. सगळं बघूनही त्यानं विचारलं, कारण विचारणं हे त्याचं काम होतं, आणि उत्तर द्यायचं ते दुसऱ्या कोणी नव्हे. "ट्रंक बांधली का?"

लिंगम्माचा भाकरीवरचा हात थांबला.

"गव्हाला अजून पान्याच्या तीन पाळ्या हायत, हवालदार," तिप्पण्णा म्हणाला. "मग ऊस लावायचा हाय अण्णाच्या डोक्यात. आनी धाव जरा रुंद करावी म्हणायलो. तुमच्या कारखान्यात जागा मोकळी ऱ्हायली तर दुसऱ्या कुणाला द्या. बसून असणारे लई हायत."

राघोबानं मान हलवली. जरा वेळानं मिशीखाली हसला आणि आंबिलाचा गडवा तोंडाला लावला.

लिंगम्मानं चळतीतली वरची भाकरी उचलली. सवयीनं तिची बोटं ती मोडायला वळली होती. ती थांबली. मग तिनं भाकरी अख्खीच्या अख्खी तिप्पण्णाच्या ताटात ठेवली आणि हात मागं घेतला. त्यानं चाचपून भाकरीची कड धरली, घट्टे पडलेल्या दोन्ही हातांत घेतली आणि कटकन मोडली.